दौलताबादचा हौद आणि आमची लेण्यांवरची सहल



मागच्या महिन्यात आम्ही काही जण घोराडेश्वरच्या डोंगरावर जाऊन आलो. फोटो कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये विषय निघाला. आमच्याच लाइनवर उभा राहणारा एक सहकारी, माणूस वाईट नाही, अडीअडचणीला धावून येतो, तो म्हणाला, "अरे, लेणी म्हणजे सगळ्यांचा वारसा. जावं, फिरावं, भजी खावी, परत यावं. तुम्ही लोक तिथंही आमचं-तुमचं काढता. दगडाला कसली आलीय जात?"

वाक्य ऐकायला गोड आहे. त्यामुळेच ते इतक्या वेळा ऐकावं लागतं. पर्यटनाच्या जाहिरातीत तेच असतं, शाळेच्या सहलीत गुरुजी तेच सांगतात आणि आपल्यातलेही काही जण "जाऊ दे ना, कशाला वाद" म्हणत तेच बोलतात. म्हणून या वाक्याचं उत्तर एकदा सविस्तर द्यायचं ठरवलं.

दगडाला जात नसते, मान्य. पण दगड बघायला येणाऱ्याला जात होती आणि ती दारातच विचारली जात होती.

साल १९३४. बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघाले होते. हे साल नीट लक्षात घ्या. चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन सात वर्षं झाली होती. गोलमेज परिषदा होऊन गेल्या होत्या. लंडनमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या समोर बसून हक्क मागणारा, दोन परदेशी विद्यापीठांचा डॉक्टर, बॅरिस्टर माणूस आपल्याच देशातल्या लेण्या बघायला चाललाय. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. कुठलाही प्रवासी थांबेल तसे हेही थांबले. प्रवासाची धूळ अंगावर होती. दाराबाहेर पाण्याने भरलेला छोटा हौद होता. काहींनी हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि सगळे किल्ल्याच्या दाराशी गेले.

इतक्यात मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत आला. हौद बाटवला म्हणून. जातीचं नाव घेऊन. बघता बघता गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. रमजानचा महिना होता आणि जमलेले लोक मुसलमान होते. बाबासाहेबांनी त्यांना विचारलं की तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्यापासून अडवाल का. त्यावर गर्दी गप्प झाली. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली, पण सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला गेला. आत कुठे पाण्याला हात लावतात का, यावर त्याने लक्ष ठेवायचं.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात तो आहे, १९९० मध्ये ते पुस्तिका म्हणून छापलं गेलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी हा लेख इथेच सोडून आधी ते वाचलं तरी चालेल.

काही लोक हा प्रसंग फक्त मुसलमानांना झोडपायला वापरतात. ते सोयीने विसरतात की त्याच आत्मकथनात बडोद्याचा पारशी आहे, गोरेगावचे हिंदू गाडीवाले आहेत. बाबासाहेबांना दाखवायचं होतं ते हेच, की जातीचा रोग एका धर्मापुरता राहिलेला नाही. तेव्हा कॅन्टीनमधल्या मित्राला आमचं पहिलं उत्तर एवढंच: ज्या वारशाला तू सगळ्यांचा म्हणतोस, तो बघताना आमच्या बापावर शिपाई उभा होता. तुझ्या आजोबांवर होता का?

आता जरा मागे जाऊ. जुने अवशेष बघायला येणाऱ्यांचा इतिहास शाळेत शिकवतात तो कसा असतो? आधी चिनी प्रवासी, मग एकदम इंग्रज साहेब. मध्ये हजार वर्षं कोणीच नाही.

ह्युएन त्संग सातव्या शतकात, पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. डोंगरात कोरलेल्या एका भव्य विहाराचं वर्णन त्याने केलंय, दाराशी दगडी हत्ती, भिंतींवर बोधिसत्त्वाच्या जन्मांची चित्रं. अभ्यासक ते अजिंठ्याचं मानतात. तो मौज म्हणून आला नव्हता. तो विचारत आला, मोजत आला, लिहीत गेला. त्याच्या त्या लिहिण्याचं मोल बाराशे वर्षांनी कळलं. १८६१ मध्ये सरकारने अलेक्झांडर कनिंगहॅमला पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कामाला नेमलं तेव्हा चिनी प्रवाशांची वर्णनं हाच त्याचा नकाशा होता. श्रावस्ती, नालंदा, कुशीनगर ही ठिकाणं त्या वर्णनांच्या आधारे ओळखली गेली. ज्या देशाने बुद्धाच्या गावांची नावं विसरून टाकली, त्या देशाला ती एका परदेशी भिक्खूच्या वहीतून परत मिळाली. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूची परिषद आटोपून बाबासाहेब सारनाथला, कुशीनगरला गेले, ते याच शोधून काढलेल्या जागांवर. पुढे पंधरवड्यातच त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

दुसऱ्या तऱ्हेचा प्रवासी म्हणजे जॉन स्मिथ. मद्रासच्या २८व्या घोडदळातला अधिकारी, शिकारीला आलेला. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात त्याने स्वतःचं नाव आणि १८१९ सालच्या एप्रिलची तारीख कोरून ठेवली. अजूनही दिसते. पुस्तकात आपण वाचतो, 'जॉन स्मिथने अजिंठा शोधला'. शोधला म्हणजे काय? वाट कोणीतरी दाखवली असणार. गुराख्याच्या पोराने दाखवली असं सांगतात. त्या पोराचं नाव भिंतीवर नाही आणि पुस्तकातही नाही.

इथे थोडं थांबू या, कारण हा मुद्दा आपल्याकडूनही निसटतो. गावात आलेल्या परक्याला वाट दाखवणं, सरकारी माणसाचं ओझं पुढच्या गावापर्यंत वाहून नेणं, हे कोणाचं काम होतं? महाराचं. वतनाचं, वेठबिगारीचं काम. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते याच गुलामीविरुद्ध. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कार्ल्याला साहेब-मडमा येऊ लागल्या. लॉर्ड व्हॅलेन्शियाच्या प्रवासवर्णनात कार्लं आहे, मारिया ग्रॅहमच्या रोजनिशीत आहे. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाल्यावर ये-जा आणखी वाढली. या सगळ्यांनी चैत्याची लांबी लिहिली, खांब मोजले, चित्रं काढली. पालख्या कोणी वाहिल्या, ओझी कोणी उचलली, डोंगराची पायवाट कोणाला पाठ होती, हे लिहायची त्यांना गरज वाटली नाही. म्हणजे आमच्या बापजाद्यांनी लेणी बघितलीच नव्हती असं नाही. ते साहेबाच्या पुढे चालत होते. फक्त बघणारे म्हणून त्यांची नोंद नाही.

आणि तेव्हा त्यांना विचारलं असतं की हे कोणी कोरलं, तर त्यांनीही तेच सांगितलं असतं जे गावाने त्यांना सांगितलं होतं: पांडवांनी. एका रात्रीत. कोंबडा आरवला म्हणून अर्धवट राहिलं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही लेण्यावर जा, हीच गोष्ट. नाशिकच्या लेण्यांना तर अजून सर्रास पांडवलेणी म्हणतात. एका लेण्यावर (नाव मुद्दाम घेत नाही) आम्ही स्वतः एका माणसाला विहारातल्या खोल्या दाखवून "ही पांडवांची पाठशाळा" म्हणताना ऐकलंय, समोर साठ-सत्तर शाळकरी पोरं. आमच्यातल्या एकाने विचारलं, "मग भिंतीवर हे काय लिहिलंय?" तो म्हणाला, "ते मोडी आहे, कोणाला वाचता येत नाही."

ते मोडी नाही. आणि ते वाचता येतं. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, ज्या लिपीला आपण धम्मलिपी म्हणतो. १८८१ मध्ये बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख पुस्तकरूपाने छापले. ज्या दिवशी हे लेख वाचले गेले त्या दिवशी पांडव लेण्यांतून बाहेर पडले. निदान पुस्तकात तरी. डोंगरावर अजून त्यांचाच मुक्काम आहे, कारण दीडशे वर्षांत हे वाचन डोंगर चढून वर आलेलंच नाही.

काय लिहिलंय त्या भिंतींवर? आपल्याच पट्ट्यापासून सुरुवात करू.

पुणे-लोणावळा लोकलने पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावडी. घोरावडी स्टेशनवर उतरलं की डोंगर समोर दिसतो. वर गेलं की खाली हायवे, गहुंजेचं स्टेडियम, गोदामांचे पत्रे. लेण्यांचं जुन्या पुस्तकांतलं नाव शेलारवाडी. मुख्य चैत्यगृहात आज शिवलिंग आहे, महाशिवरात्रीला मोठी गर्दी होते. बहुतेक लोक दर्शन घेतात, वाऱ्यावर बसतात, उतरतात. पण त्याच डोंगरावर एका लेण्यात प्राकृतातला लेख आहे. त्यात म्हटलंय की हे लेणं धेनुकाकटात राहणाऱ्या उसभणक या नांगऱ्याच्या, कुडुबिकाच्या, बायकोने दान दिलं, आपला मुलगा नंद याच्यासह. तिचं नाव सिअगुतनिका.

'हलकिय' म्हणजे नांगर हाकणारा. 'कुडुबिक' म्हणजे कुटुंबवाला शेतकरी, ज्यापासून कुणबी हा शब्द आला असं भाषेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एका शेतकरी बाईने स्वतःच्या नावाने डोंगरात लेणं कोरून घेतलं, आणि नवऱ्याचं नाव दिलं ते ओळख म्हणून. दान तिचं. आज सातबाऱ्यावर किती बायकांची नावं आहेत, हे आपापल्या घरी विचारा.

कार्ल्याला या. लेखांत त्याचं नाव वलुरक. तिथल्या एका राजाज्ञेत ज्या भागाचा उल्लेख 'मामाल' असा येतो, तोच आपला मावळ. चैत्याच्या दर्शनी भागावर आणि खांबांवर देणाऱ्यांची नावं आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत, सिंहदत्त नावाचा सुगंधी माल विकणारा गंधिक आहे आणि सामी नावाचा वाढकी, म्हणजे सुतार, त्याने दाराचं काम केलं. सुताराचं नाव आजच्या कुठल्या इमारतीवर असतं? आम्ही हिंजवडीतल्या, चाकणच्या शेडवर काम केलेले लोक इथे आहोत. कोनशिलेवर मंत्र्याचं नाव असतं, बिल्डरचं असतं. सेंटरिंगवाल्याचं, फॅब्रिकेटरचं नाव कोणी बघितलंय?

आणि चाकणहून नाशिक रस्त्याने वर गेलं की जुन्नर. दोनशेवर लेणी. इथल्या लेखांत श्रेणी आहेत, म्हणजे कारागिरांच्या संघटना: धान्यवाल्यांची श्रेणी लेणं आणि पाण्याचं टाकं दान देते. बांबूकाम करणाऱ्यांच्या, काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडे रक्कम ठेव म्हणून दिली जाते. ठेव! ज्या बांबूकाम करणाऱ्यांना पुढे जातीच्या उतरंडीत बुरूड म्हणून खाली ढकललं, त्या व्यवसायाची संघटना तेव्हा समाजाचा पैसा सांभाळण्याइतकी विश्वासाची होती. प्रतिक्रांती म्हणजे काय असते हे बाबासाहेबांनी लिहिलंय, पण ती डोळ्याने बघायची असेल तर जुन्नरचे लेख वाचा आणि मग खाली गावात येऊन बुरूड आळी कुठे असायची ते विचारा.

डी. डी. कोसंबी पुण्यात राहायचे. हातात काठी घेऊन ते या डोंगरांतून, घाटवाटांतून पायी फिरले. लेणी निर्जन जागी नाहीत, व्यापाराच्या वाटांवर आहेत, हे त्यांनी चालून दाखवलं. भिक्खूसंघ आणि तांड्यांचं नातं त्यांनी 'मिथ अँड रिॲलिटी'त मांडलं. त्यांच्या सगळ्या मतांशी आम्ही सहमत नाही, पण बघण्याची ही रीत आमची आहे: पायी जा, लोकांना विचारा, दगड वाचा.

आता कॅन्टीनमधल्या मित्राचा दुसरा मुद्दा येणारच. "ठीक आहे, बौद्ध होती. पण आज तिथे शेकडो वर्षं पूजा चालू आहे. लोकांच्या भावना आहेत. तुम्हाला काय एकवीरा हलवायचीय?"

नाही. स्पष्टच सांगतो. कार्ल्याच्या चैत्यासमोर एकवीरेचं देऊळ आहे. कोळी, आगरी भाऊ-बहिणी रात्रभर चालत येतात. त्यांच्यातलं कोणी ना कोणी आमच्यासोबत कारखान्यात आहे. त्यांच्याशी आमचं भांडण नाही आणि ते लावून द्यायला टपलेल्यांच्या हाती आम्ही कोलीत देणार नाही. लेण्याद्रीला गिरिजात्मजाचं दर्शन घ्यायला जाणारी बाई ज्या दालनात उभी राहते तो भिक्खूंचा विहार आहे, आजूबाजूला त्यांच्या राहायच्या खोल्या आहेत, आणि ते स्मारक केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिकीट काढून वर जावं लागतं. तिची श्रद्धा तिच्यापाशी. पण तिकिटाच्या पैशात तिला खरं सांगितलं जावं, एवढा तरी तिचा हक्क आहे की नाही?

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक लेण्याच्या पायथ्याशी मराठीत फलक हवा. त्यावर लेखाचा मूळ पाठ, त्याचा मराठी अर्थ आणि देणाऱ्याचं नाव. कुठल्या शतकात कोरलं आणि कोणी कोरून घेतलं. सिअगुतनिकेचं नाव घोराडेश्वरच्या पायरीपाशी लागावं. सामी सुताराचं कार्ल्यात लागावं. 'बौद्धकालीन लेणी, इ.स.पू. दुसरे शतक, येथे कचरा टाकू नये' एवढ्यावर भागवायचे दिवस गेले. 'बौद्धकालीन' हा शब्दही मजेशीर आहे. मोगलकालीन म्हणावं तसा. जणू बौद्ध म्हणजे एक काळ होता, आला आणि गेला. लेणी बौद्ध आहेत, बौद्धकालीन नाहीत.

आणि ज्यांना फलकाचीही भीती वाटते, त्यांना आम्ही विचारू की भावना नक्की कशाने दुखावतात? नांगऱ्याच्या बायकोच्या नावाने?

बोधगयेचं उदाहरण समोर आहे. १८९१ मध्ये अनागारिक धर्मपाल प्रवासी म्हणून तिथे गेले, महाविहाराची अवस्था बघितली आणि परत फिरले ते लढवय्ये होऊन. त्याच वर्षी त्यांनी महाबोधी सोसायटी काढली. १९४९ मध्ये कायदा झाला, त्यात व्यवस्थापन समितीवर चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. जगातल्या बौद्धांच्या सर्वांत मोठ्या ठिकाणी बौद्धांना बहुमत नाही. फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खूंनी त्याविरुद्ध पुन्हा धरणं धरलं. त्यावर वेगळं लिहू. इथे एवढंच की धर्मपालांनी पर्यटक होऊन राहायचं नाकारलं, म्हणून ती चळवळ उभी राहिली.

इथपर्यंत दुसऱ्यांना सुनावलं. आता स्वतःकडे वळतो. हा भाग वाचून काही मित्र नाराज होतील, व्हावं.

आपल्याकडे हल्ली प्रत्येक देऊळ बौद्ध विहार होतं, प्रत्येक मूर्ती बुद्धाची होती, असा सपाटा लागलाय. फॉरवर्ड येतो, आपण पुढे ढकलतो. घोराडेश्वरला आम्ही उसभणकाचं नाव वाचलं तेव्हा आमच्यातलाच एक जण ओरडला, "णक! नाक! उसभनाक! म्हणजे आपलाच!" आनंद समजण्यासारखा होता. कोरेगावच्या जयस्तंभावर नावं 'नाक'नेच संपतात, १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले, आपण दर वर्षी चाकण-शिक्रापूर रस्त्याने तिथे जातो आणि दगडावरची तीच नावं बोटाने वाचतो. पण थांबा. कार्ल्याचा सिंहस्तंभ ज्याने दिला त्याचं नाव लेखात आहे: महारठी गोतिपुत्र अगिमितणक. त्याच्याही नावाला तोच शेवट. तो सत्तेतला मोठा माणूस होता. म्हणजे त्या काळात असा शेवट अनेकांच्या नावाला असे. तेवढ्यावरून उसभणक महार ठरत नाही आणि अगिमितणकही ठरत नाही. दोन शब्द सारखे वाजले म्हणून इतिहास सिद्ध झाला, ही पद्धत कोणाची आहे? ज्यांनी वाऱ्यावर पांडव आणले त्यांची. ती आपण उचलायची का?

देहूरोडची गोष्ट आठवा. २५ डिसेंबर १९५४. रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने देहूरोडच्या विहारात बसवली. मनुस्मृती जाळली त्याच तारखेला, सत्तावीस वर्षांनी. त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी पंढरपूरची मूर्ती मूळ बुद्धाची असल्याचं मत मांडलं. हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्याच्या पुढचा भाग आपण गाळतो: यावर आपण प्रबंध लिहिणार, असं ते म्हणाले. प्रबंध! त्यांचा शब्द लाखो लोकांनी डोळे मिटून मानला असता. तरी त्या माणसाला कागदावर पुरावा मांडायचा होता. आयुष्याने वेळ दिला नाही. ते राहिलेलं काम घोषणेने पूर्ण होणार नाही. पाली शिकावी लागेल, प्राकृत शिकावं लागेल, धम्मलिपीची अक्षरं घोटावी लागतील, कोणाचं पटत नसेल तर त्याचा युक्तिवाद वाचून खोडावा लागेल.

दुसरी गोष्ट रंगाची. काही लेण्यांवर कातळाला निळा रंग फासलेला, अशोकचक्र काढलेलं, नावं कोरलेली आम्ही बघितली. 'जय भीम' लिहिलं म्हणून तो गुन्हा पवित्र होत नाही. १९५८ च्या स्मारक कायद्यात संरक्षित स्मारकाचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. शेंदूर फासणाऱ्याला हे कलम दाखवायचं असेल तर आपले हात आधी कोरडे हवेत. जॉन स्मिथवर हसायचं आणि त्याच्याच शेजारी खिळ्याने आपलं नाव कोरायचं, हे कसं चालेल?

आणि तिसरी गोष्ट, खरं तर सगळ्यात जास्त बोचणारी. आपण जातो तेव्हा काय करतो? वंदना घेतो, ते योग्यच. मग सेल्फी, रील, डबे, आणि चार वाजता उतरतो. गेल्या खेपेला आम्ही सतरा जण होतो. लेखासमोर उभं राहून एक अक्षर ओळखणारे किती? तीन. त्यातली दोन मुली होत्या, एक आयटीआय करते, एक नर्सिंगला आहे. दोघींनी मोबाइलवर तक्ता उघडून 'ध', 'न', 'क' जुळवलं. बाकी आम्ही मागे उभं राहून "भारी, भारी" म्हणत होतो. ज्यांच्यावर १९३४ मध्ये शिपाई होता, त्यांच्या नातवंडांवर आज कोणी शिपाई नाही. तरी आम्ही बघून न बघितल्यासारखे परत येत असू, तर त्या सहकाऱ्याच्या भज्यात आणि आमच्या डब्यात फरक काय?

म्हणून आम्ही असं ठरवलंय. आपल्या एमआयडीसीत गुरुवारची सुट्टी असते. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी एक लेणं. एका वेळी एकच, घाई नाही. जायच्या आधीच्या रविवारी विहारात दोन तास त्या लेण्यातल्या लेखाचा पाठ वाचायचा, शब्द फोडायचे. लेणं वाचणारा प्रत्येक वेळी वेगळा, आणि मागच्या वेळी जो मागे उभा होता त्याने या वेळी पुढे यायचं. पहिली पाळी या लेखकांपैकी ज्यांना एकही अक्षर आलं नाही त्यांचीच. फलकाच्या मागणीचा अर्ज मराठीत तयार आहे, लेखाचा पाठ आणि अर्थ जोडून. एक प्रत पुरातत्त्व खात्याला, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक ग्रामपंचायतीला. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही.

कॅन्टीनमधल्या मित्रालाही बोलावलंय. तो कुणबी आहे. सिअगुतनिकेच्या नवऱ्याला लेखात काय म्हटलंय हे त्याला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "कुठल्या भिंतीवर आहे ते?"

दुसरा गुरुवार. सकाळची पहिली लोणावळा लोकल, घोरावडी स्टेशन. बॅटरी आणा, कारण आत अंधार असतो आणि अक्षरं तिरप्या उजेडातच उठून दिसतात. वही आणा. खडू आणू नका.